आई जिवंत आहे, नोंद घ्यावी

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र कुणाला लिहावं हे ठरवण्यातच माझ्या दोन रात्री गेल्या. पेन्शन कार्मिक मंत्रालयाकडे, बँका अर्थ खात्याकडे, आधार माहिती-तंत्रज्ञानवाल्यांकडे आणि ज्येष्ठ नागरिक सामाजिक न्यायाकडे. माझी आई एकच आहे, पण वाटणी चौघांत झालीय. तेव्हा ज्यांच्या हाती हे पडेल त्यांनी आपल्यालाच आलंय असं समजावं.

आई ८१ वर्षांची. सातारा जिल्ह्यात एकटी राहते. वडील पोस्टात होते, त्यांच्यामागे तिला फॅमिली पेन्शन मिळते. म्हणजे मिळायची. नोव्हेंबरात हयातीचा दाखला झाला नाही म्हणून डिसेंबरपासून बंद. ती गेली नाही असं नव्हे. शेजारच्या काकांच्या स्कूटरवर बसून तीन हेलपाटे घातले. मशीन अंगठा घेईना. कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबाने बोटं घासून गेली, तरी घेईना. मग काकांच्या मुलीने चेहरा ओळखणारं ॲप उघडलं. आईने त्यासाठी इरकल नेसलं, पावडर लावली. मुलगी म्हणाली, पापण्या मिटा-उघडा. आई दर वेळी मान डोलावून "बरं" म्हणायची आणि मान हलली की सगळं पहिल्यापासून. मी दुसऱ्या फोनवरून बघत होतो. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला तरी दिसतेय ना रे मी?"

ऐंशी ओलांडलेल्यांना आपण सवलत दिलीय, हे मान्य. दाखला १ नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासून देता येतो. म्हणजे हेलपाट्यांना महिनाभर जास्त. आभारी आहे.

सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ सालीच सांगितलंय. हे मी शाखेतल्या साहेबांना फोनवर ऐकवलं. तिकडे सकाळचे दहा म्हणजे इथे टोरोंटोत रात्रीचे साडेअकरा, त्यामुळे आवाज जरा चढला असेल. "सर, दोन दिवसांत माणूस पाठवतो." त्याला आज नऊ आठवडे झाले. माणूस बहुधा पायी निघालाय. कागदी फॉर्म भरून घ्या म्हटलं, तर "आता सगळं ऑनलाइन."

आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "घरात मुलगा नाही का कुणी?"

आहे ना! पण तुमची प्रत्येक खिडकी घरात एक रिकामा मुलगा बसलाय असं धरूनच उघडते. केवायसी असो, गॅस असो, नाहीतर वीजबिलावरचं नाव. इथून करावं तर ओटीपी आईच्या फोनवर. ती मला सांगत नाही. "फोनवरची बाई म्हणते, कुणालाही सांगायचा नाही." तिचं चुकतंय असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, ती इथून लागत नाही.

"मग आईला तिकडेच का नेत नाही?" कॅनडात आईवडिलांना कायमचं आणायला चिठ्ठ्या निघतात, आणि त्या २०२५ पर्यंत वर्षानुवर्षं २०२० साली नाव दिलेल्यांतूनच निघाल्या. मी आलो २०२१ला. वडील गेले तेव्हा विमानतळावर पाच तास बसून होतो, तिसऱ्या दिवशी घरी पोहोचलो. हे तुम्हाला सांगायचं काही कारण नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर ते मी पाठवतो. आम्ही बाहेरच्या सगळ्यांनी मिळून २०२४-२५ मध्ये १३५ अब्ज डॉलर पाठवले म्हणे. आकडा पेपरातला, चूकभूल द्यावी घ्यावी. प्रवासी भारतीय दिवसाला त्याचं कौतुक होतं, शाली पडतात. पण आई माझ्या पैशांना हात लावत नाही. "तुझे तुझ्यापाशी. ह्यांची पेन्शन माझी आहे." दूधवाल्याचे दोन महिन्यांचे थकवलेत तिने, हे मला काकांकडून कळलं.

आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांसाठी २००७चा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. योग्यच आहे. फक्त शाखा, पोर्टल आणि खातं यांनी सोडलं तर कोणतं कलम लागतं तेवढं कळवावं.

मागणं मोठं नाही. एक माणूस, एक कागद, आईची सही. सही तिची अजून सुरेख येते.

आपला,
एक मुलगा, टोरोंटो

ता. क. पत्र संपवताना मेसेज आला. पोर्टलवरची माझी तक्रार "निकाली काढण्यात आली आहे". शेरा: पेन्शनधारकाने शाखेत समक्ष यावे.