आमच्या शिबिरांची वही कुठे गेली?

महोदय,

महाविद्यालयीन जीवनातली माझी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस). आधी स्वयंसेवक होतो, पुढे त्याच महाविद्यालयात शिकवायला लागल्यावर चार वर्षे कार्यक्रम अधिकारी, म्हणजे योजनेचे काम पाहणारा प्राध्यापक. त्या नात्याने, आपल्या शिबिरांच्या नोंदी जपल्या जात नाहीत याबद्दल हे पत्र लिहीत आहे. आधी नोंदी जपणाऱ्या एका परदेशी संस्थेचे उदाहरण देतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ईस्टन गावी लाफायेट कॉलेज आहे. १६ डिसेंबर १९२५ रोजी तिथल्या ब्रेनर्ड हॉलमध्ये १४ विद्यार्थी आणि ६ सल्लागारांनी सह्या केल्या आणि ‘अल्फा फाय ओमेगा’ ही सेवाभावी फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांची बंधुसंघटना, सुरू झाली. फ्रॅटर्निटी म्हटले की आपल्याला एकत्र राहणारी, मेजवान्या करणारी पोरे आठवतात. ही तशी नाही. तिचे स्वतःचे वसतिगृह नसते, काम एकच, सेवा. फ्रँक रीड हॉर्टन हा तिचा संस्थापक पहिल्या महायुद्धात नौदलात होता. कॉलेजात आल्यावर त्याच्या लक्षात आले की, ज्यांचे वागणे सरळ आहे त्यांतले बरेचजण लहानपणी बालवीर (स्काउट) होते. बालवीरांची प्रतिज्ञा कॉलेजच्या वयातही टिकावी, म्हणून त्याने हा खटाटोप केला.

लाफायेटची शाखा ‘अल्फा’. १९२७ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात दुसरी झाली, ती ‘बीटा’. १९५० मध्ये काम फिलिपिन्समध्ये पोचले. मुलींना पूर्ण सदस्यत्व मिळायला मात्र १९७६ उजाडले, आणि हा उशीर त्यांच्या इतिहासात लपवलेला नाही. मला विशेष वाटले ते याचे की, बोधवाक्य थेन कूलीने सुचवले, बिल्ल्याचे चित्र एव्हरेट प्रॉब्स्टने काढले, इतके बारकावे नोंदलेले आहेत. ही काही मोठी माणसे नव्हती, विद्यार्थी होते. शंभर वर्षांनंतरही त्यांची नावे सांगता येतात.

आपली राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत तिचा आरंभ केला. तिलाही आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, हा तिचा आजचा साचा आहे. पण एखाद्या महाविद्यालयात जाऊन विचारा, तुमच्या एककाचे (योजनेच्या महाविद्यालयीन शाखेचे) पहिले शिबिर कोणत्या गावात झाले? पहिले कार्यक्रम अधिकारी कोण? पहिली मुलगी शिबिराला कधी आली? मी माझ्याच महाविद्यालयात विचारले. उत्तर मिळाले नाही.

१९७३ साली, बहात्तरच्या दुष्काळाच्या झळा चालू असताना, ‘युथ अगेन्स्ट फॅमिन’ या नावाने देशभर शिबिरे झाली. आम्ही माण तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. शाळेच्या दोन खोल्यांत मुक्काम. पहाटे प्रभातफेरी, मग दुपारपर्यंत पाझर तलावाच्या कामावर श्रमदान. मुरूम खणायचा, पाट्या भरायच्या, साखळी करून बांधावर ओतायच्या. शेजारीच गावच्या बायका मजुरीवर खडी फोडत बसलेल्या असत. आमच्या हातांना फोड आले की त्यांतली एक आजी म्हणायची, “लेकरांनो, पाटी अर्धीच भरा, पण थांबू नका.” रात्री सर आम्हाला रोजच्या कामाची नोंद वहीत करायला लावत. किती घनफूट माती, किती जण हजर, कोण आजारी. शेवटच्या दिवशी सर्वांनी सह्या केल्या.

कार्यक्रम अधिकारी झाल्यावर मी ती वही शोधली. कार्यालयातून कळले, इमारतीचे स्थलांतर झाले तेव्हा जुने कागद रद्दीत गेले. खर्चाच्या पावत्या मात्र सापडल्या, कारण लेखापरीक्षणाला त्याच लागतात. माझ्या काळातल्या अहवालांचीही पुढे तीच गत झाली. यात कोणाची वाईट बुद्धी नव्हती, पण मला ते फार लागले. जिथे आमची हाडे झिजली, त्या कामाची किंमत फक्त पावतीएवढीच ठरली.

म्हणून माझी सर्व प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. २४ सप्टेंबरला एनएसएस दिन साजरा होतो. त्या दिवशी भाषणांइतकाच वेळ या कामाला द्या. वर्षवार दत्तक गावे, अधिकारी, गटप्रमुख आणि झालेले काम यांची एक वही सुरू करा. माजी विद्यार्थ्यांना बोलवा. गावात जा, तिथल्या म्हाताऱ्यांना कोणत्या साली कोण आले होते, हे आपल्यापेक्षा जास्त आठवते. मुलांना मुलाखती घेऊ द्या, त्याचे तास २४० तासांत धरा. आणि आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी शिबिराचे फोटो असतील, त्यांनी मागे गाव आणि साल लिहून एक प्रत महाविद्यालयाला द्यावी.

माझ्याकडे १९७३ चा एक फोटो आहे. बांधावर ३२ जण उभे आहेत, हातात पाट्या-फावडी. त्यांतल्या १९ जणांची नावे मी मागे पेन्सिलीने लिहिली आहेत. उरलेल्या तेरांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल, तर कृपया महाविद्यालयात येऊन आपले नाव सांगावे. पेन्सिल तिथेच ठेवून आलो आहे.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा जिल्हा