फेडचा गुंता सोडवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

गोल्फमधला फेड (डावीकडून निघून अलगद उजवीकडे, लक्ष्याकडे वळणारा फटका) म्हणजे आवर घातलेला स्लाइस (उजवीकडे भरकटणारा फटका), ही आमची समजूत तुम्ही मुळातून खोडून काढलीत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

‘पाय-खांदे डावीकडे, फेस (क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) थेट लक्ष्यावर’ हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. तसं मारलं की चेंडू जवळजवळ लक्ष्याच्या रोखाने निघतो आणि तिथून उजवीकडे पळतो. कारण चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो: आयर्नला (मधल्या पल्ल्याच्या क्लबला) सुमारे 75 टक्के, ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबला) 85. वळण येतं ते फेस आणि स्विंगचा पाथ (फटक्याच्या वेळी क्लब ज्या दिशेने जातो ती) यांतल्या फरकातून. तुमचा ढोबळ हिशेब असा: पाथ 4 अंश डावीकडे, तर फेस 2 अंश डावीकडे. फेस पाथच्या मानाने उघडा (उजवीकडे वळलेला), लक्ष्याच्या मानाने मात्र बंदच (डावीकडे वळलेला)! (डावखुऱ्यांनी सगळं उलट वाचावं.)

क्रमाबद्दलचा तुमचा हट्टही रास्तच. आधी फेस लावायचा, मग ग्रिप, पाय आणि खांदे शेवटी. ग्रिप धरल्यावर मनगट फिरवून फेस उघडला, तर इम्पॅक्टला (चेंडूला क्लब लागताना) मनगट मूळ जागी येतं आणि फेस मिटतो. निशाणा आधीच डावीकडे, त्यात फेस मिटलेला. चेंडू डावीकडे जातो तो परत वळतच नाही. या डबल क्रॉसइतकी महागडी चूक फेडमध्ये दुसरी नाही.

सगळ्यात उपयोगी पडली ती काठी. लक्ष्यरेषेवर तीनेक मीटर पुढे ती रोवायची आणि 7 नंबर आयर्नने मारायचं. चेंडू काठीच्या उजवीकडून निघाला तर फेस जास्त उघडा. डावीकडून निघून सरळच गेला तर फेस आणि पाथ एकाच दिशेला. डावीकडून निघून परत वळला, तरच फेड.

ड्रायव्हरच्या बाबतीत स्विंगला दोष देण्याआधी फेसवर पावडर फवारून ठसा बघायला लावलात, हेही बरं केलंत. चेंडू फेसच्या ‘टो’ला (बाहेरच्या टोकाला) लागला की गिअर इफेक्ट (मध्याबाहेर लागल्याने चेंडूला मिळणारी उलट फिरकी) फेडचं वळण खाऊन टाकतो. हीलला (दांड्याकडच्या टोकाला) लागला की तेच वळण वाढून स्लाइस होतो.

वेजने (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबने) फेड मारायचा नाद तुम्ही सोडायला लावलात. एवढ्या लॉफ्टला (फेसच्या तिरकेपणाला) बॅकस्पिन (मागे फिरणारी फिरकी) इतका असतो की वळण नावापुरतंच उरतं. आणि फेड उंच जातो, कमी पडतो, म्हणून एक क्लब जास्त (एक पायरी लांब मारणारा) घ्यायचा, हे आता स्कोअरकार्डच्या मागेच लिहून ठेवलं आहे.

आपले कृतज्ञ,
रेंजवरचे विद्यार्थी