पैठण : धरणाआधीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की पैठणचे नाव वृत्तपत्रांत रोज येते, परंतु ते बहुधा जायकवाडीच्या पाणीसाठ्याची टक्केवारी आणि २७ दरवाजांतून होणारा विसर्ग सांगण्यापुरतेच. मराठवाड्याची तहान या पाण्यावर भागते, त्यामुळे त्या बातम्या हव्यातच. मात्र १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेले हे धरण ज्या गावाला लागून उभे आहे, त्या गावाचा दोन हजार वर्षांहून जुना इतिहास या आकड्यांखाली दिसेनासा झाला आहे, याचे मनापासून वाईट वाटते. (जायकवाडी हे नावही पैठणचे नव्हे, ते बीड जिल्ह्यातील एका गावाचे आहे, कारण धरण आधी तेथे व्हायचे होते.)

गोदावरीच्या उत्तर तीरावरील प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी होती, एवढे शाळेत शिकवले जाते आणि बहुतेकांची माहिती तेथेच थांबते. वास्तविक हे गाव वाटेवरचे आणि बाजाराचे. सुत्तनिपात या प्राचीन बौद्ध ग्रंथात बावरी नावाच्या ब्राह्मण गुरूचे शिष्य बुद्धाच्या भेटीस निघतात, तेव्हा त्यांना आधी प्रतिष्ठान लागते, मग माहिष्मती आणि उज्जयिनी. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण हे गुजरातेतील भडोचच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचे तेर, पैठणच्या पूर्वेस १० दिवसांवर असल्याचे नोंदवले असून, पैठणहून अकीक हे शोभेचे खडे गाड्यांत भरून बिकट मार्गाने भडोच बंदरी जात असे, असेही लिहिले आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी सातवाहन राजा पुलुमावी याची राजधानी म्हणून याच गावाचे नाव घेतो.

या सर्वांहून मला मोलाचा वाटतो तो पितळखोरे येथील बौद्ध लेण्यातील खांबावरचा छोटासा लेख. पैठणच्या गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय करणाऱ्या, कुळातील मितदेवाने तो खांब दान दिला, असे त्यात कोरलेले आहे. राजांची नावे नाण्यांवर राहतात. पण नदीकाठच्या पेठेत सुगंध विकणाऱ्या घराण्यातील माणूस दूरच्या डोंगरातील विहारासाठी पैसे खर्च करतो, तेव्हा त्या गावाची सुबत्ता आणि श्रद्धा दोन्ही आपल्यासमोर उभ्या राहतात.

म्हणून विनंती अशी की, यंदा धरणाच्या पातळीची चौकट छापताना, आठवड्यातून निदान एकदा, तिच्या शेजारी या जुन्या पैठणविषयी अभ्यासकांकडून चार ओळी लिहून घ्याव्यात.

आपला,
एक नियमित वाचक