शेवटची पानं कुठं गेली?

दारव्ह्याजवळून,
23 नोव्हेंबर 2025

प्रिय दोस्ता,

तुझा दिवाळीतला निरोप पोचला. फोनवरच बोललो असतो, पण फोन करावा तर तू कंपनीच्या बसमध्ये असतोस आणि मी वावरात. दोघंही 'हो हो, बोलू' म्हणतो आणि ठेवून देतो. आज वेचाईच्या बाया आल्या नाहीत. बाजूच्या गावात किलोमागं रुपया जास्त मिळून राहिला, तर त्या कायले येतील इकडे? म्हणून लहान्याच्या वहीतली चार पानं काढली आणि बसलो लिहायला.

कापसाचं आधी उरकून टाकतो. लांब धाग्याला यंदा क्विंटलला 8,110 रुपये हमीभाव आहे. दारात येणारा व्यापारी मुठीत कापूस दाबतो, 'ओल आहे भाऊ' म्हणतो आणि हजारभर खाली बोलतो. सोयाबीनचं विचारूच नकोस.

तू विचारलंस, 'माझा पोरगा पुस्तकाला हात लावत नाही, तुझी मोठी पोरगी कशी वाचते? तुम्ही काय केलं?' लेका, खरं सांगू का, आम्ही काही केलं नाही. उलट तिचं वाचन मी दोनदा बंद पाडलं आहे.

पहिल्यांदा उन्हाळ्यात. आपल्या विदर्भातल्या शाळा तुमच्या पुण्यानंतर, जूनच्या शेवटी उघडतात हे तुला ठाऊकच आहे. तोवर पोट्टे दुपारभर घरात कोंडलेले. मी लायब्ररीतून बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक आणून दिले. 1971 पासून निघतो तो, आपणही वाचलेला. पोरगी खूश. पण माझ्यातला बाप जागा झाला. रोज संध्याकाळी तिला समोर बसवायचो आणि विचारायचो, 'काय शिकलीस यातून? तात्पर्य सांग.' एक वही करून दिली, गोष्टीचं नाव, लेखक, बोध असे रकाने आखून. आठ दिवसांत अंक पलंगाखाली गेले. वहीत पाच बोध आहेत आणि पाचही 'खोटे बोलू नये' असेच.

दुसऱ्यांदा पाचवीच्या परीक्षांनी. आपल्या वेळी स्कॉलरशिप चौथीला होती, हिला पाचवीत आली. वरून नवोदयची डिसेंबरात. मीच म्हणालो, फेब्रुवारीपर्यंत गोष्टीबिष्टी बंद, गाइड काढ. तुझी वहिनी म्हणाली, 'तुम्ही स्वतः शेवटचं पुस्तक कधी उघडलं होतं?' मी म्हटलं, कीटकनाशकाच्या डब्यावरचं वाचतो ना. ती हसली नाही.

शाळा तीच, आपलीच, जिल्हा परिषदेची. सातवीपर्यंत वर्ग, चार शिक्षक, त्यातला एक कायम कुठल्या तरी याद्या करण्यात गुंतलेला. सकाळी गावातून पिवळी व्हॅन जाते दारव्ह्याच्या इंग्रजी शाळेची. लहान्याला आम्हीही त्यात बसवलं, लपवत नाही. घरात यावरून तीन दिवस अबोला होता. बाकी त्याच्याबद्दल अजून सांगण्यासारखं काही नाही; टाय मात्र रोज हरवतो.

आता मुद्द्यावर येतो. पोळ्यानंतर ग्रामपंचायतीजवळच्या लायब्ररीत चुना मारायचं ठरलं. अजूनही 'ड' वर्गातच, म्हणजे सगळ्यात खालच्या, आहे ती, पेपर वाचायला चार म्हातारे येतात, कपाटाची किल्ली शोधावी लागते. कपाटं बाहेर काढली, वाळवी लागलेली पुस्तकं ओट्यावर रचली. त्यातलं एक मोठी घरी घेऊन आली. कव्हर नाही, नाव नाही, पहिली काही पानं नाहीत. कोकणातली गोष्ट आहे, एक पोरगा आणि त्याचा बाप. बाप तांडेल, गलबत घेऊन गेलेला आणि परत न आलेला. मी म्हणालो, परीक्षा झाल्यावर वाच. ती म्हणाली, 'मी नाही वाचत, आजीला वाचून दाखवते.' यावर काय बोलणार?

तर संध्याकाळी जेवणं झाली की आई ओसरीवर वाती वळत बसते. पहिल्या वेच्याचा कापूस देवासाठी ती बाजूला ठेवते, त्याच्याच. तिला अक्षर येत नाही, तुला माहीत आहे. पण प्रार्थनेला जाऊन जाऊन ग्रामगीतेचे 41 अध्याय कानावरून गेलेत तिच्या. ऐकायचं कसं ते तिला समजते. मोठी एक वाक्य पुस्तकातलं वाचते आणि तेच पुन्हा वऱ्हाडीत सांगते, कारण आई अडवते. 'तांडेल म्हंजे काय व?' 'डोंग्याचा मुकादम, आजी.' 'समुद्र कितीक मोठा असते?' यावर पोरगी थोडी अडली. मग म्हणाली, 'अडाण धरणाचा पलीकडचा काठ काढून टाक, आता दिसते ते सगळं समुद्र.' भरती-ओहोटीला तिनं सांगितलं, पाणी येते अन् जाते, आपल्या लाइनीसारखं. आई म्हणाली, 'मंग वायरमनले सांगा म्हना.'

हीच पोरगी शाळेच्या निबंधात 'पऱ्हाटी' लिहिते तेव्हा त्याखाली लाल रेघ येते आणि वर 'कपाशी' लिहिलेलं असते. सरांना दोष देत नाही, परीक्षेत चालत नाही तर ते काय करतील? पण ओसरीवर ती जे करते त्याला कोणत्या रकान्यात घालायचं, मला समजत नाही.

मी खाटेवर पडून ऐकत होतो, मोबाइल हातात धरून, म्हणजे ऐकत नाही असं दिसावं म्हणून. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आई तिला एकच गोष्ट विचारते: 'मंग? मंग काय झालं?' तात्पर्य नाही, बोध नाही. आणि पोरगी तेवढ्यासाठी दुपारीच दोन पानं पुढं वाचून ठेवते, संध्याकाळी अडू नये म्हणून. मी उन्हाळ्यात रोज विचारत होतो, काय शिकलीस.

गेल्या आठवड्यात लाइन रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायला आणि डुकरांच्या जागलीला मी वावरात मुक्कामी. जाताना पुस्तक हळूच पिशवीत टाकलं. बॅटरीच्या उजेडात, एका बाजूनं मोटारीचा आवाज, पायाखाली चिखल, आणि मी त्या पोराबरोबर समुद्रावर. बापाच्या गलबताचं शीड लांबून दिसते की ढग आहे ते, इथवर आलो तर धुऱ्याकडून खसखस झाली. डबा वाजवत धावलो. रोही होते, म्हणजे नीलगायी, पाच-सहा. परत येऊन पान उलटलं तर पुढं काही नाही. दोऱ्याला चिकटलेल्या कागदाच्या चार चिरोट्या, बस. एका वाफ्यात पाणी फुटून गेलं तेही मला उशिरा दिसलं.

सकाळी पोरीला विचारलं, 'अव, शेवटची पानं कुठं आहेत?' ती अशी पाहत राहिली, जसा मी तिचा डबा चोरून खाल्ला. म्हणाली, 'आजीले अजून माहीत नाही, बाबा. मी रोज थोडं थोडं वाचते, संपू नये म्हणून.' आईला शेवटी कळलंच. तेव्हापासून घरात दोन शेवट आहेत. मोठीच्या शेवटात बाप बुडतो. आईच्यात तो सुरतेला कोणा बाईकडे राहून गेला आहे. 'माणसं असीच असतात,' म्हणते. तुझी वहिनी म्हणाली की तिला दोन्ही पटत नाहीत, आणि भाजी करपली.

आता ऐक, पत्र त्यासाठीच लिहिलं. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर लायब्ररीची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. शेवटची नोंद 1996 ची, आणि सही तुझी आहे. तेव्हाही तू नावाखाली दोन रेघा मारायचास. आपण आठवीत होतो. शकुंतला रेल्वेनं दारव्ह्याला शाळेत जायचो, तू दारात बसून मोठ्यानं वाचायचास. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटरच्या त्या नॅरोगेजवर गाडी चालायची अशी की उतरून बोरं तोडावी आणि पुन्हा चढावं. हे पुस्तक तू वाचलं होतंस का मला? मला काहीच आठवत नाही. तू गोष्टी अर्ध्यात सोडून 'उद्या' म्हणायचास, एवढं आठवते.

पानं तूच फाडली असशील तर फाडली, 29 वर्षांनी मी काय दंड घेणार? पण शेवट आठवत असेल तर लिहून पाठव. खराच पाठव, मनानं रचशील तर पोरगी ओळखेल. लिहिण्याआधी तुझ्या पोराला सांगून पाहा, तो काय म्हणतो तेही कळव.

आईला मी बोलून बसलो आहे की पुण्याहून पत्र येणार. आता वाती घेऊन बसली की रोज विचारते, 'तांडेलाचं पत्र आलं का रे?'

तुझाच,
बाकावरचा शेजारी