मुंगूस इंग्रजीत कसं गेलं

पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

'मॉंगूस' आपल्या 'मुंगूस'वरून आलाय का आणि वर्गात तसं सांगावं का, हे विचारलंस. बेलाशक सांग. फक्त 'इंग्रजीला तो मराठीने दिला' एवढ्यावरच थांब. 'मूळचा मराठीच' असं म्हणू नकोस.

पहिला पुरावा नकाशाचा. उत्तरेत या प्राण्याला नेवला म्हणतात, तो संस्कृत 'नकुल'मधून आलेला. इंग्रज वखारवाल्यांना हा शब्द तिकडे मिळाला असता, तर इंग्रजीतही 'नेवल'सारखं काहीतरी रुजलं असतं. म्हणजे शब्द उचलला गेला तो दख्खन आणि पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात. जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या 1673 च्या नोंदीत तो येतो. त्याचं पुस्तक छापलं गेलं 1698 मध्ये. हा फ्रायर आपल्या जुन्नरलाही येऊन गेलेला, हे मुलांना जरूर सांग.

दुसरा पुरावा शेवटच्या 'गूस'चा, आणि मला तो जास्त पटतो. तेलुगूत 'मुंगिस', मराठीत 'मुंगूस'. आपल्याकडे हा 'गू' दीर्घ असतो तो फक्त मूळ रूपात. विभक्ती लागली की त्यातला 'ऊ' गळतो: मुंगसाला, मुंगसाने, अनेकवचनी मुंगसं. परक्या कानाने टिपलं ते मूळ रूप. त्यात 'गूस' ऐकू आल्यावर इंग्रजांना आपला हंस, म्हणजे 'गूस', आठवला आणि स्पेलिंगही त्याचंच बसलं. जुन्या अँग्लो-इंडियन लिखाणात पहिल्या अक्षरात ओऐवजी यू दिसतो, तो आपल्या उच्चाराला जास्त जवळचा.

मुलं चुकतात ती इथेच. 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून 'मॉंगीस' लिहितात. गूस–गीस हा बदल जुन्या इंग्रजीतल्या मोजक्या शब्दांपुरता आहे. बाहेरून आलेल्या शब्दाला साधा एस लागतो, म्हणून 'मॉंगूसेस'. स्पेलिंग सोडलं, तर हंसाचा इथे काडीचा संबंध नाही.

आता मूळ. 1886 चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश 'मॉंगूस' तेलुगू ठरवतो, पण जर्डन या प्राणिशास्त्रज्ञाने 'मंगूस' हा दख्खनी आणि मराठी शब्द म्हणून दिल्याचं तिथेच नमूद करतो. अलीकडचे काही कोश इंग्रजीला मराठीतून आला म्हणतात आणि मराठीच्याही मागे द्राविडी मूळ धरतात. कन्नडचं 'मुंगुसि' पाहिलं की ते खरं वाटतं. फ्रेंच 'मांगुस्त'ही याच घराण्यातला. आपल्या अभिमानाला एवढं पुरेसं आहे, नाही का?

मुलांना स्वतः शोधायला लावायचं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. 'मुंगूस' टाकून सापडलं नाही तर 'मुंगुस', 'मुंगस' करून बघा. जुन्या कोशांत ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमांप्रमाणे असेलच असं नाही. आणि व्युत्पत्ती शोधताना आधी सर्वांत जुनी नोंद कुठल्या सालची, कुठल्या गावची ते बघायचं, उच्चारातलं साम्य मग. मुलं नेमकी उलटं करतात आणि हंसाच्या मागे लागतात.

वेळ उरला तर जमैकाचंही सांग. उसातले उंदीर मारायला 1872 मध्ये भारतातून तिथे मुंगसं नेली. पण मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. मग त्यांनी पक्षी आणि त्यांची अंडी फस्त करायला सुरुवात केली.

वहिनींना नमस्कार. बाकी भेटीअंती.

तुझा,
अविनाश