भिंतीमागची खोली

ठाणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

तुझा मेल शुक्रवारी मिळाला. घर मिळालं, तेही लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमध्ये आणि विल्शायर बुलेवार्डपासून चालत दहा मिनिटांवर, हे वाचलं आणि मी जागेवरून उठलोच. पुढे तू लिहिलंयस की बिल्डिंग जुनी आहे, रात्री भिंतीतून ठोकल्यासारखा आवाज येतो आणि शेजारी कोण राहतं ते अजून कळलेलं नाही. तेवढ्यावरून मला आपलं होस्टेल आठवलं. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

दुसऱ्या वर्षाला असताना, २००६ च्या उन्हाळ्यात, आपण तुझ्या खोलीतल्या त्या ठोकळा मॉनिटरवर एक पिक्चर लावला होता, आठवतो? ‘टूलबॉक्स मर्डर्स’. एका खुर्चीवर दोघं, खाली गादीवर चौघं. त्यातली बाई बिल्डिंगच्या मजल्यांचा हिशेब मांडायला लागली आणि नेमके तेव्हाच लाइट गेले. लोडशेडिंग रात्री दोनपर्यंत चाललं. लाइट आले तेव्हा तू झोपला होतास, आणि दुसऱ्या दिवशी सीडी कोणीतरी नेली ती परत आलीच नाही. म्हणजे पुढचं तू आजवर पाहिलेलं नाहीस. मी तो परवा पुन्हा पाहिला, अगदी शेवटपर्यंत.

आता मी उठून का उभा राहिलो ते सांगतो. तो पिक्चर तुझ्या घराजवळ चित्रित झालाय. विल्शायरवर अँबॅसेडर नावाचं हॉटेल होतं, १९२१ साली सुरू झालेलं. ‘कोकोनट ग्रोव्ह’ हा त्याचा नाइट क्लब. ऑस्करचे सुरुवातीचे काही सोहळे त्याच हॉटेलात झाले. ५ जून १९६८ च्या मध्यरात्रीनंतर रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याही तिथेच, स्वयंपाकघराच्या कोठीत. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची कॅलिफोर्नियातली प्राथमिक निवडणूक जिंकल्याचं भाषण करून ते तिथून बाहेर पडत होते. दुसऱ्या दिवशी ते गेले. १९८९ मध्ये हॉटेल पाहुण्यांसाठी बंद झालं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ती रिकामी इमारत शूटिंगला दिली जायची. २००५ मध्ये पाडकाम सुरू झालं, २००६ च्या सुरुवातीला मुख्य इमारत जमीनदोस्त. म्हणजे बघ, आपण सहा जण त्या भिंतींकडे डोळे फाडून बघत होतो तेव्हा त्यातल्या बहुतेक भिंती जागेवर नव्हत्या. हे मला परवाच लक्षात आलं, आणि त्यानंतर बराच वेळ मी पिक्चर थांबवून बसलो होतो.

दिग्दर्शक टोबी हूपर. १९७४ साली टेक्सासमध्ये करवत घेऊन धावणाऱ्या माणसाचा तो प्रसिद्ध पिक्चर, ‘द टेक्सास चेनसॉ मॅसॅकर’, काढला, तोच. ती कल्पना कुठे सुचली ते त्यानं स्वतःच सांगितलंय. सणाच्या गर्दीत तो एका दुकानात अडकला होता, बाहेर पडता येईना, आणि समोर विकायला यांत्रिक करवती मांडलेल्या. एक उचलली तर वाट मोकळी होईल, असं त्याच्या मनात आलं. पुढे तीस वर्षांनी याच माणसाच्या हाती अख्खी हत्यारांची पेटी आली.

आपण पाहिला तो रीमेक. मूळ पिक्चर १९७८ चा. तोही मी आता पाहिला, आणि तुला सांगतो, तू पाहू नकोस. त्यातही लॉस एंजेलिसमधलीच अपार्टमेंट्स आहेत. पहिल्या अर्ध्या तासात एकामागून एक खून उरकलेत, आणि ते ज्या पद्धतीनं दाखवलेत त्याची मला किळस आली. कॅमेरा मरणाऱ्या बाईच्या बाजूला उभाच राहत नाही. पुढे कळतं की खुनी बिल्डिंगचा मालक आहे. मुलगी गेल्याच्या दुःखात त्याचं डोकं फिरलंय आणि तो पापी जगाला शिक्षा देत सुटलाय. कॅमेरॉन मिचेलनं ते काम मन लावून केलंय, पण गोष्टीत दम नाही.

हूपरनं काय केलं, तर नाव ठेवलं, पेटी ठेवली, तोंडावरचा काळा बुरखा ठेवला आणि बाकी सगळी गोष्ट फेकून दिली. जुन्या पिक्चरचा रीमेक करायचा तर असा करावा असं मला मनापासून वाटतं. चांगल्या पिक्चरला हात लावण्यात अर्थ नसतो. ज्याच्यात एखादीच कल्पना जिवंत आहे आणि बाकीचं कुजलंय, असाच पिक्चर पुन्हा बांधायला घ्यावा. आमच्या इमारती तपासायच्या धंद्यातही तेच आहे, पाया शाबूत असेल तर वरचं पाडून नवं उभारता येतं.

नव्या पिक्चरमध्ये नेल आणि स्टीव्हन हे जोडपं ‘लुसमन आर्म्स’ नावाच्या बिल्डिंगमध्ये राहायला येतं. बिल्डिंग एके काळची नामांकित, आता डागडुजी चाललेली. प्लास्टर उडालेलं, वायरी लोंबतायत, सगळीकडे धूळ. नवरा शिकाऊ डॉक्टर, त्यामुळे दिवसरात्र हॉस्पिटलात. नेल घरात एकटी. अँजेला बेटिसनं काम केलंय. आपण तेव्हा तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, लेका. लहानखुरी बाई, मोठे डोळे, आणि आवाज आला की आधी मान वळते आणि मग सगळं अंग. ती घाबरट वाटते, पण आवाज कुठून आला हे जाऊन बघणारी संपूर्ण बिल्डिंगमध्ये ती एकटीच असते.

भिंती पातळ. पलीकडचं भांडण, रडणं, सगळं इकडे ऐकू येतं. एकदा किंकाळी ऐकून ती पोलिसांना बोलावते आणि कळतं की शेजारी नाटकाचे संवाद घोकत होते. झालं! त्या दिवसापासून तिचं कोणी खरं मानत नाही. लांडगा आला रे आला म्हणणारा पोरगा निदान खोटं तरी बोलत होता, हिनं तर जे ऐकलं तेच सांगितलेलं. मग ज्यूलिया नावाची तिची मैत्रीण एक दिवस दिसेनाशी होते. ती कशी मरते ते आपल्याला दाखवलेलं असतं. बिल्डिंगमध्ये मात्र कोणी जागचं हलत नाही. गेली असेल सोडून, इथे माणसं येतात आणि जातात, असंच सगळे धरून चालतात.

होस्टेलवर आपण ड्रिल आणि हातोडा बघून ओरडलो होतो. आता या वयात मला त्या ड्रिलचं फार काही वाटलं नाही. ‘गेली असेल सोडून’ या वृत्तीनं मात्र अंगावर काटा आला. त्या खुन्याला लपायला भुयार कशाला हवं? शेजारी कोण राहतं हे जिथे कोणालाच माहीत नाही, तिथे तो जिन्यावरून चालत गेला असता तरी कोणी विचारलं नसतं.

आणि आता ते मजल्यांचं. लाइट गेले होते ती जागा. नेलच्या लक्षात येतं की प्रत्येक मजल्यावर एक नंबर गायब आहे. दारांचे नंबर ओळीनं चालतात आणि मधलाच एक गळतो. एका मजल्यावर गळला तर चूक म्हणता येईल. प्रत्येक मजल्यावर तोच गळला तर त्या खोल्या एकीवर एक आल्या, म्हणजे बिल्डिंगच्या पोटात वरपासून खालपर्यंत एक बंद जागा आहे. माणसं तिच्याभोवती राहतात, जेवतात, झोपतात. बंड्या, मी गेली चौदा वर्षं स्ट्रक्चरल ऑडिट करतोय, आणि भूताखेताच्या पिक्चरमध्ये इतकं अचूक गणित मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ती नकाशा मिळवते, मोजते, ताळा करते. अगदी तसंच असतं ते.

हे मी अनुभवानं सांगतोय. मागच्या पावसाळ्याआधी गिरगावातल्या एका जुन्या चाळीचं काम होतं. आतून एकेक खोली लेझरनं मोजली, भिंतींची जाडी मिळवली आणि बाहेरून टेप लावली. बेरीज जमेना, पावणेचार फुटांचा फरक. दोनदा मोजलं, तरी तेवढाच. मग मी हातोडीनं भिंत टकटकवत गेलो. भरीव भिंत टणक वाजते, पोकळ असली की आवाज भदभद येतो, जिना संपतो तिथे तो आला. कमिटीच्या परवानगीनं चार विटा काढल्या. आत मजल्यावरचे जुने सामायिक संडास होते. घराघरांत संडास झाले तेव्हा ते विटा लावून बंद केले असणार. टॉर्च मारला तर एक गंजलेली बालदी, कोनाड्यात काजळीचा डाग आणि भिंतीवर खडूनं मारलेल्या चार-चार रेघा, त्यांवर आडवी पाचवी. कुठल्यातरी पोरांच्या खेळाचा हिशेब. माझ्यामागे शेजारच्या खोलीतल्या आजी उभ्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या भिंतीला टेकून बसत आल्या होत्या. “इथे काही होतं होय?” एवढंच म्हणाल्या. पिक्चरमधली नेल भिंतीला कान लावते तेव्हा मला त्या आजी दिसल्या.

सगळंच जमलंय असं नाही. उत्तरार्धात भिंतींवरची गूढ चिन्हं, बिल्डिंग बांधणाऱ्याची जादूटोण्याची हौस वगैरे येतं, आणि ते घाईघाईत सांगून टाकलंय. खुन्याचा जन्म म्हणे मेलेल्या आईच्या शवपेटीत झालेला. हे ऐकून मी चरकलो खरा, पण त्याची गरज नव्हती. तो कोण हे न कळता फक्त भिंतीमागे राहिला असता तर जास्त भीती वाटली असती. शेवट मी सांगत नाही. तू स्वतः बघ. दुपारी बघ हवं तर.

रान्स हॉवर्डकडे मात्र लक्ष दे. त्या बिल्डिंगमध्ये कित्येक वर्षं राहिलेल्या म्हाताऱ्याचं काम त्यांनी केलंय. त्या म्हाताऱ्याला पुष्कळ काही ठाऊक असतं, आणि नेल येईपर्यंत त्याला कोणी विचारलेलं नसतं. हूपर ऑगस्ट २०१७ मध्ये गेला आणि हॉवर्डही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. नेल आणि त्या म्हाताऱ्याचे प्रसंग मी परवा दोनदा लावून पाहिले.

या म्हाताऱ्यामुळेच तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. मी कोणाला सांगितलेली नाही. आमच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका एकटे राहायचे. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी जिना उतरताना त्यांच्या कडीला दुधाची पिशवी दिसली. दुसऱ्या दिवशी दोन होत्या. तिसऱ्या दिवशी खाली पेपरही पडलेले, एक तर माझ्या बुटाखाली आला. मी तो उचलून दाराशी नीट ठेवला आणि खाली उतरलो. गेले असतील मुलीकडे, असं मनात आलं. चौथ्या दिवशी दार फोडलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, कोणी काही करू शकलं नसतं. असेल. पण मी, ज्याला भिंत टकटकवून आत पोकळ आहे का ते कळतं, त्या दारावर एकदाही टकटक केली नाही. ज्यूलियाच्या बंद दारासमोर नेल उभी राहते आणि कोणी उघडत नसतानाही वाजवत राहते, तिथे मला पुढचं बघवेना.

असो.

तुझ्या आवाजाचं सांगतो, म्हणजे तुला झोप लागेल. जुन्या बिल्डिंगमध्ये गरम पाण्याचे पाइप भिंतीतून गेलेले असतात. रात्री कोणी अंघोळ केली की पाइप तापून लांबतो आणि ज्या पट्टीनं धरलेला असतो तिच्यावर घासून टक् टक् करतो. पाणी बंद झालं की थंड होताना पुन्हा तेच. नळ एकदम बंद केल्यावर एकच दणका येत असेल तर तो पाण्याचा धक्का, घरमालकाला सांगून पट्ट्या आवळून घे. आवाज किती वाजता येतो ते चार दिवस लिहून ठेव आणि मला पाठव. आणि हो, घराच्या आतली लांबी-रुंदीही एकदा मोजून पाठव, मला बघायची आहे.

हॉटेलच्या जागेवर आता मोठं शाळासंकुल आहे, रॉबर्ट केनेडींच्याच नावानं. २०१० मध्ये उघडलं, चोवीस एकरांवर, ५७ कोटी ८० लाख डॉलर खर्च करून. कोकोनट ग्रोव्हची आठवण शाळेच्या सभागृहात जपलीय म्हणतात. पुढच्या शनिवारी चालत जा आणि फाटकातून दिसेल तेवढं बघून ये. शाळेत आत सोडणार नाहीत, पण रस्त्यावरून फोटो काढता येईल. पिक्चरमधला तो लांब कॉरिडॉर साधारण कुठे असेल याचा मी जुन्या फोटोंवरून अंदाज बांधलाय, तो वेगळा पाठवतो.

परत येशील तेव्हा शेजारचं दार वाजव. चिवडा नेलायस ना, त्यातला वाटीभर दे. आणि त्यांचं नाव काय, ते मला कळव.

तुझा,
आप्पा