पुकारा न देता माझ्या आईला आत नेणाऱ्या शिपाईभाऊंस

आदरणीय भाऊ,

तुमचे नाव मला ठाऊक आहे. पण नोकरीतल्या माणसाचे नाव असे उघडपणे लिहिल्याने त्याला विनाकारण त्रास होऊ शकतो, म्हणून ते लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्यात साक्ष द्यायला आलेली, पदराचे टोक मुठीत आवळून बसलेली म्हातारी बाई तुम्हाला आठवत असेल. ती माझी आई.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातून शेजारच्या शेतात जे घडले, ते तिने पाहिले, एवढाच तिचा त्या प्रकरणाशी संबंध. आरोपी आमच्याच गावचे. याआधी तिला अनेकदा समन्स देऊन बोलावले गेले आणि कापूस वेचणीची मजुरी बुडवून आलेल्या त्या बाईला दिवस मावळताना तारीख पडल्याचे सांगून परत पाठवले गेले. आरोपींचे नातेवाईक ज्या बाकावर बसत, त्याच्याच टोकाला ती अंग चोरून बसे, आणि तिला दुसरीकडे बसवावे असे कोणालाही सुचले नाही. तिला भीती वाटते असे मी सांगितले, तेव्हा एका जबाबदार माणसाने ‘खरे बोलणाऱ्याला कसली भीती?’ असे उत्तर दिले. ज्याला संध्याकाळी त्याच गावात परतायचे नसते, त्यालाच असे बोलता येते.

तिला उलटतपासापेक्षाही पुकाऱ्याची धास्ती होती. व्हरांड्यात आपले नाव तीनदा मोठ्याने घेतले जाईल, सगळ्या माना आपल्याकडे वळतील आणि त्या नजरांमधून एकटीने चालत जावे लागेल, या विचाराने तिला आदल्या रात्री जेवण गेले नव्हते. इतरांचे पुकारे होताना ती दचकत होती, हे तुम्ही दारातून पाहिले असणार, कारण तिची वेळ आली तेव्हा तुम्ही आवाज दिलाच नाही. तुम्ही बाकापर्यंत चालत आलात, वाकलात आणि हळूच म्हणालात, ‘चाला माय, मी आहो ना संगं.’ आरोपींची माणसे आणि ती यांच्या मधून तुम्ही तिच्या बाजूने चाललात आणि ती पिंजऱ्यात नीट उभी राहीपर्यंत तिथून हलला नाहीत. त्यानंतर तिने शपथ घेतली आणि जे पाहिले ते न अडखळता सांगितले. खटला अजून चालू असल्याने त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही.

स्वर्ण सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2000 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदाराचे हाल वर्णिले आहेत, असे नंतर वाचनात आले. गर्दीने भरलेल्या न्यायालयातून शिपाई त्याला बाहेर ढकलतो, तो दिवसभर तिष्ठतो आणि शेवटी काम तहकूब झाल्याचे त्याला कळते, असे त्यात म्हटले आहे. ते वाचताना तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पुढे 2018 मध्ये याच न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि 2022 मध्ये दुर्बल साक्षीदारांचा जबाब घेण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक स्वतंत्र केंद्र असावे असा आदेश दिला. ही केंद्रे व्हायलाच हवीत, कारण भेदरलेल्या माणसाची सोय कोणत्या दिवशी कोणता कर्मचारी दारात उभा आहे यावर अवलंबून राहू नये. परंतु केंद्र झाले तरी साक्षीदाराला हाताला धरून आत नेणारा माणूस लागेलच, आणि तो तुमच्यासारखा समंजस असला तर त्या भिंतींचा काही उपयोग होईल. तुम्हाला कोणी परिपत्रक दिले नव्हते, कोणी हुकूम केला नव्हता. समोरचे माणूस भ्यालेले आहे एवढे तुम्हाला दिसले आणि ते पुरले.

याच खटल्यात आमच्या गल्लीतल्या आणखी एका बाईंना समन्स आले आहे. त्या जायलाच तयार नव्हत्या. साक्षीविषयी आईने त्यांना एका शब्दानेही काही सांगितले नाही, सांगितले ते फक्त तुमच्याविषयी, आणि आता त्या येणार आहेत. त्यांची तारीख पोळ्यानंतरची आहे; त्या दिवशी तुमची ड्यूटी त्याच दाराशी असावी, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे.

आपला कृतज्ञ,
एका साक्षीदाराचा मुलगा